हात पोचत नाही तिथे

साकीनाक्याला खैरानी रोडवरच्या एका गाळ्याच्या पोटमाळ्यावरून एक कारागीर व्हिडिओ कॉलवर सांगत होता, "जांघ में दर्द है." मोबाइल पुतण्याने धरलेला, खाली मशीन चालू. माझ्या शेजारच्या शिकाऊ फिजिओथेरपिस्टने वहीत लिहिलं : जांघ. आता मराठी माणसाची जांघ म्हणजे मांडी पोटाला मिळते ती जागा. हिंदी माणसाची म्हणजे अख्खी मांडी. जांघेतली कळ म्हटली की आम्ही आधी खुब्याच्या सांध्याकडे वळतो. दहा मिनिटं खुब्याचीच चौकशी चालली. शेवटी कॅमेरा खाली करायला लावला, तर बोट गुडघ्याच्या वीतभर वर टेकलेलं! समोर खाटेवर असता तर "कुठे?" विचारायच्या आत त्याचा हात तिथे गेला असता, पाठोपाठ आमचा.

दूरस्थ पुनर्वसनातल्या भाषेच्या अडसराला बरेच जण भाषांतराचा प्रश्न समजतात. मला ते अपुरं वाटतं. दवाखान्यात निम्मं बोलणं हातच करतो. 'इतकंच वाकवा' हे शब्दांत सांगावं लागत नाही. पडद्यावर हाताचं कामही शब्दावर येऊन पडतं, आणि कळ, ठणका, चमक, उसण यांतला फरक अचानक महागात पडतो. रोनाल्ड मेलझॅक यांनी 1975 साली वेदनेच्या शब्दांवरच मॅकगिल प्रश्नावली उभी केली, ती उगाच नव्हे.

पक्षाघाताने वाचा गेलेल्यांची गोष्ट याहून गुंतागुंतीची. अनेक भाषा बोलणाऱ्या रुग्णांबद्दल आल्बेर पित्र यांनी 1895 मध्येच लिहिलं होतं : सर्वांत सवयीची भाषा बहुधा आधी परतते. घरी भोजपुरी, कामावर हिंदी, रेशन दुकानात मराठी बोलणाऱ्याची सवयीची भाषा कोणती धरायची? मिशेल पॅराडी यांची 1987 ची चाचणी प्रत्येक भाषा वेगळी तपासते. आपण मात्र अजून हिंदीवर भागवतो.

हाजी अलीची अखिल भारतीय पुनर्वसन संस्था 1955 पासून आहे. पण साकीनाक्याहून तिथे जाऊन येण्यात रोजंदारीचा दिवस बुडतो, म्हणून हा पडदा टाळता येणार नाही. 25 मार्च 2020 ची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं डॉक्टरांसाठी होती. व्यायाम करून घेणाऱ्यांनी आपली रीत स्वतःच घडवली.

माझी रीत साधी आहे. पहिल्या कॉलला आजार विचारत नाही. बोट ठेवायला सांगतो, आणि त्या जागेला गावाकडे काय म्हणतात ते लिहून घेतो.