ताटलीत न उगवलेले जिवाणू

कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होतो तेव्हाचे एक प्रात्यक्षिक अजून डोळ्यांसमोर आहे. शेतातली चिमूटभर माती पाण्यात कालवायची, ते पाणी आणखी पातळ करत न्यायचे आणि अगरच्या काचेच्या ताटलीवर पसरायचे. दोन दिवसांनी ठिपक्यांसारख्या वसाहती उगवत. मुले त्या मोजत, हिशेब करत आणि वहीत लिहीत, 'एक ग्रॅम मातीतील एकूण जिवाणू'. खाली माझी सही. त्या 'एकूण' शब्दाने पुढे मला फार छळले. कारण त्यातली चूक एका माणसाने माझ्या जन्माच्याही आधी ओळखली होती.

त्यांचे नाव सर्गेई विनोग्राडस्की. जन्म १८५६ चा, कीव्हमधला. त्या काळी युरोपात रॉबर्ट कॉख यांचा दबदबा होता. जंतू एकटा वेगळा काढा, पौष्टिक खाद्यावर वाढवा, मगच त्याच्याविषयी बोला, असा शिरस्ता. क्षयाचा जंतू १८८२ मध्ये सापडला तो याच शिस्तीतून.

शेतीतले एक कोडे मात्र या शिस्तीला दाद देईना. खतातल्या अमोनियाचे मातीत नायट्रेट होते आणि बहुतेक पिके नत्र घेतात ते मुख्यतः त्याच रूपात. हे काम सजीवांचे, हे श्लोसिंग आणि म्युन्त्झ यांनी १८७७ मध्ये फ्रान्समध्ये दाखवले होते. वाळूच्या नळीतून सांडपाणी सोडले की काही दिवसांनी नायट्रेट तयार होई. क्लोरोफॉर्मची वाफ दिली की काम बंद! थोडे मातीचे पाणी घातले की पुन्हा सुरू. कामगार आहेत हे कळले, पण जिलेटिनच्या ताटलीवर ते हजर होईनात.

विनोग्राडस्कींनी स्ट्रासबर्गला गंधकाच्या झऱ्यांतले जिवाणू पाहिले होते. सडक्या अंड्याच्या वासाचा वायू हेच त्यांचे इंधन, हे त्यांनी १८८७ मध्ये मांडले. त्यामुळे झुरिचला आल्यावर त्यांनी उलटा विचार केला. या मंडळींना मेजवानी नकोच असेल तर? त्यांनी सेंद्रिय खाद्य काढूनच टाकले. अमोनियाचा क्षार, थोडी खनिजे, कार्बोनेट, बस्स. जिलेटिनऐवजी सिलिकाची, म्हणजे वाळूच्याच घटकाची जेली केली. १८९० आणि १८९१ मध्ये कामगार हाती लागले. काम वाटलेले निघाले. एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. ऊन नको, शिळेपाके अन्न नको. मला तरी हा शोध क्षयाच्या जंतूहून कमी मोलाचा वाटत नाही.

आपल्या शेतकऱ्याशी याचा थेट संबंध आहे. युरियातून होणारा अमोनियम चिकणमातीच्या कणांना धरून राहतो. नायट्रेट मात्र पाण्याबरोबर खाली उतरते, कधी थेट विहिरीत. म्हणून या जिवाणूंना जरा दमाने घ्यायला लावणारा कडुनिंबाचा लेप. देशात तयार होणाऱ्या सर्व युरियाला तो २०१५ मध्ये सक्तीचा झाला.

रशियन क्रांतीनंतरच्या धामधुमीत विनोग्राडस्कींना देश सोडावा लागला. १९२२ मध्ये, पासष्टी उलटल्यावर, ते पाश्चर इन्स्टिट्यूटसाठी पॅरिसजवळच्या ब्री-कोंत-रोबेर गावी काम करू लागले. तिथे त्यांनी माती थेट सूक्ष्मदर्शकाखाली धरली. प्रयोगशाळेत पोसलेला जिवाणू मातीतल्यासारखा वागत नाही, तिथे तो गर्दीत, उपासमारीत जगतो, असे त्यांचे म्हणणे. १९५३ मध्ये ते वारले.

मातीतला डीएनए थेट वाचता येऊ लागल्यावर त्यांच्या म्हणण्याला जोर आला. नेहमीच्या ताटलीवर उगवतात ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्यांपैकी जेमतेम शेकडा एक! २०१५ मध्ये तर अमोनियापासून नायट्रेटपर्यंत सगळे काम एकटाच करणारा जिवाणू सापडला. विनोग्राडस्कींची वाटणीही अपुरी ठरली. गंमत म्हणजे तो हाती आला तो त्यांच्याच वाटेने, त्याला हवे तेच आणि तेवढेच खाद्य देऊन.

शेवटच्या काही वर्षांत मी मुलांना वहीतला 'एकूण' खोडून 'या ताटलीवर उगवलेले' असे लिहायला लावले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकदा त्यावर लाल रेघ मारली. त्या मुलीचे गुण मी कापू दिले नाहीत, एवढेच.