स्पार्क प्लगची निवड : फेरफार केलेली टर्बो इंजिने

टर्बोचार्जरचा दाब (बूस्ट), इंधनाचे प्रमाण किंवा ठिणगीची वेळ कारखान्याने ठरवलेल्या मर्यादेपलीकडे नेलेल्या पेट्रोल इंजिनासाठी योग्य उष्णता-श्रेणीचा, गॅपचा आणि मापाचा स्पार्क प्लग ठरवणे. अशा इंजिनात प्लगवर दोन ताण एकदम वाढतात. जास्त मिश्रण जळत असल्यामुळे त्याचे टोक अधिक तापते आणि सिलिंडरातला दाब चढल्यामुळे ठिणगी उडायला अधिक व्होल्टेज लागते. पहिल्या ताणावर उपाय उष्णता-श्रेणीचा, दुसऱ्यावर गॅपचा. इलेक्ट्रोडचा धातू आणि प्लगची किंमत यांचा विचार त्यानंतर करावा. बाजारात मात्र बहुधा सुरुवातच तिथून होते.

उष्णता-श्रेणी : प्लगचे टोक ज्वलनकक्षातली उष्णता शोषते. ती इन्सुलेटरमधून धातूच्या कवचात, तिथून आट्यांवाटे सिलिंडर हेडमध्ये आणि शेवटी कूलंटमध्ये जाते. इन्सुलेटरचे नाक लांब असले की उष्णतेला बाहेर पडायला लांबची वाट पडते आणि टोक तापलेले राहते. हा ‘गरम’ प्लग. नाक आखूड असले की उष्णता लवकर निघून जाते. हा ‘थंड’ प्लग. या भेदाचा ठिणगीच्या जोराशी काही संबंध नाही. थंड प्लग लावल्याने इंजिन थंड होत नाही आणि ताकदही वाढत नाही. तो स्वतःचे टोक सुरक्षित तापमानात ठेवतो, एवढेच त्याचे काम.

सुरक्षित तापमानाचा हा पट्टा साधारण ४५०° ते ८५०° सेल्सिअस असा आहे. ४५०° च्या खाली टोकावरची काजळी जळून जात नाही. ती इन्सुलेटरवर साचते, तिच्यातून वीज गळते आणि इंजिन मिस होऊ लागते. ८५०° च्या वर टोक निखाऱ्यासारखे होते व ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवते. यालाच पूर्वप्रज्वलन म्हणतात. नॉकिंग वेगळे : त्यात ठिणगीनंतर, ज्वाला पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण आपोआप भडकते. पूर्वप्रज्वलनात पिस्टन वर येत असतानाच दाब चढतो, त्यामुळे पूर्ण लोडवर काही सेकंदांत पिस्टनला भोक पडू शकते. म्हणून शंका असल्यास जोरदार वापराच्या गाडीत थंड बाजूला झुकणे शहाणपणाचे. काजळलेला प्लग बदलता येतो, वितळलेला पिस्टन इंजिन उघडायला लावतो.

ठोकताळा असा, की मूळ ताकदीत सुमारे ७५ ते १०० अश्वशक्तींची भर पडली की एक श्रेणी थंड प्लग घ्यावा. मात्र श्रेणीचे आकडे सर्व कंपन्यांचे सारखे नाहीत. एनजीके आणि डेन्सो यांच्या क्रमांकात आकडा वाढला की प्लग थंड होतो. बॉश आणि चॅम्पियन यांच्यात आकडा वाढला की गरम होतो. एनजीकेचा ६ हा डेन्सोच्या २० शी, ७ हा २२ शी, ८ हा २४ शी आणि ९ हा २७ शी जुळतो. कंपनी बदलताना हा तक्ता न पाहता केलेली खरेदी नेमकी उलट दिशेला जाऊ शकते.

गॅप : दोन इलेक्ट्रोडमधले अंतर आणि वायूचा दाब यांच्या गुणाकारावर ठिणगीला लागणारे व्होल्टेज अवलंबून असते (पाशेनचा नियम). एक बार बूस्टला इंजिनात येणारी हवा वातावरणाच्या जवळजवळ दुप्पट दाबाची असते; ती पिस्टनने आणखी दाबल्यावर मूळ गॅप कॉइलच्या आवाक्याबाहेर जाऊ शकतो. मग वरच्या आरपीएमला, पूर्ण थ्रॉटलवर ठिणगी विझते आणि गाडी अडखळते. कारखान्याचा गॅप बहुधा ०.८ ते १.१ मिमी असतो. वाढीव बूस्टच्या इंजिनांत तो ०.६ ते ०.७ मिमीपर्यंत आणतात. मात्र गॅप गरजेपेक्षा कमी केला तर ज्वालेचा पहिला गोळा लहान राहतो, आयडलिंग खडबडीत होते आणि पातळ मिश्रण पेटायला कुरकुरते. म्हणून मिस होणार नाही असा मोठ्यात मोठा गॅप हाच योग्य गॅप. कॉइल अशक्त झाली असेल तर गॅप कमी करून दोष झाकला जातो, सुटत नाही.

इलेक्ट्रोडचा धातू : तांब्याचा गाभा असलेल्या निकेल मिश्रधातूच्या प्लगला बाजारात ‘कॉपर प्लग’ म्हणतात. तो स्वस्त असतो आणि त्याचा गॅप सहज बदलता येतो, पण लवकर झिजतो. इरिडियमचा वितळणबिंदू २,४४६° से., प्लॅटिनमचा १,७६८° से. आणि निकेलचा १,४५५° से. इरिडियम इतका टिकाऊ असल्यामुळे त्याचा मधला इलेक्ट्रोड ०.४ ते ०.६ मिमी इतका बारीक करता येतो आणि बारीक टोकावर ठिणगी कमी व्होल्टेजला उडते. वाढीव दाबात हा खरा लाभ आहे. पण ठिसूळ टोकाला टेकू देऊन गॅप वाकवला तर ते तुटते. फक्त बाजूचा इलेक्ट्रोड हलवावा. चुकीच्या उष्णता-श्रेणीचा इरिडियम प्लग योग्य श्रेणीच्या कॉपर प्लगपेक्षा वाईटच.

एक उदाहरण : फोक्सवॅगन समूहाचे १,७८१ घनसेंमीचे, २० व्हॉल्व्हचे १.८ टर्बो इंजिन फेरफारासाठी जगभर वापरले गेले. भारतात ते स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसमध्ये १५० अश्वशक्तीचे होते. त्यात कारखान्याचा प्लग बहुधा एनजीके पीएफआर६क्यू, म्हणजे प्लॅटिनमचा, श्रेणी ६. केवळ ईसीयू (इंजिनाचा नियंत्रक संगणक) रीमॅप केला तर भर साधारण ३०–४० अश्वशक्तींची असते. तेव्हा श्रेणी तीच ठेवून गॅप तपासणे पुरते. मोठा टर्बो बसवल्यावर अनेक जण बीकेआर७ई घेतात आणि गॅप ०.७ मिमी ठेवतात. या संकेतातला ‘बीके’ म्हणजे १४ मिमीचे आटे व १६ मिमीचा षट्कोन, ‘आर’ म्हणजे रोधक, ७ ही उष्णता-श्रेणी आणि ‘ई’ म्हणजे १९ मिमी लांबीचे आटे. आट्यांची लांबी चुकली तर प्लग पिस्टनवर आदळू शकतो किंवा आतच अडकतो. रोधक नसलेला प्लग ईसीयूच्या संदेशांत विद्युत गोंगाट मिसळतो.

बसवणे : इंजिन थंड असतानाच प्लग काढावा. आटे हाताने धरून नंतर टॉर्क रेंच लावावा. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये वॉशरवाल्या १४ मिमी प्लगला २५ ते ३० न्यूटन-मीटर पुरतात. मुलामा दिलेल्या आट्यांना ग्रीस किंवा अँटिसीझ लावू नये, कारण घर्षण घटून प्लग प्रमाणाबाहेर आवळला जातो. सैल प्लगची उष्णता हेडकडे जात नाही. त्यामुळे योग्य श्रेणीचा प्लगही जळतो. नवे म्हणून आलेल्या प्रत्येक प्लगचा गॅप फीलर गेजने तपासावा, कारण वाहतुकीत तो बदललेला असू शकतो.

प्लग वाचणे : निवड बरोबर ठरली का, हे डायनोवर किंवा बंद ट्रॅकवर पूर्ण लोडचा फेरा मारून लगेच इंजिन बंद करून पाहतात, कारण आयडलवर ठेवलेली गाडी खूण पुसून टाकते. फिकट तपकिरी किंवा करडा इन्सुलेटर ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे मिश्रण जास्त भरीव किंवा प्लग फार थंड. ओलसर काळा थर म्हणजे तेल आत येते आहे. पांढरा, फुगीर इन्सुलेटर अतितापाचा. त्यावर राखाडी-चकाकत्या अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक ठिपक्या दिसल्या तर पिस्टन झिजू लागला आहे. अशा वेळी आणखी थंड प्लग शोधण्याआधी बूस्ट उतरवून इंधनाचे प्रमाण आणि ठिणगीची वेळ तपासावी. चुकलेली ट्यूनिंग प्लगने दुरुस्त होत नाही. प्लग तिची साक्ष देतो, आणि ती साक्ष वेळेत वाचणाऱ्याचे इंजिन वाचते.