नाळ कापणारे हात

गेल्या आठ मार्चला आमच्या महाविद्यालयात एक सर्जनबाई व्याख्यानाला आल्या होत्या. मुलींनी विचारले, "ऑपरेशन आणि घर, दोन्ही कसे सांभाळता?" हा प्रश्न पुरुष सर्जनला कुणी विचारत नाही, असे बाईंनी सुनावले, आणि ते खरेच आहे. मग त्या म्हणाल्या, "घरी सासूबाई आहेत, कामाला मावशी आहेत." टाळ्या पडल्या. मी मात्र त्या 'मावशी'पाशीच अडले. माझी आई वीस वर्षे एका खाजगी दवाखान्यात 'मावशी' होती आणि तिची सासू, माझी आजी, उंब्रजच्या मांगवाड्यातली सुईण होती.

म्हणून हा प्रश्न मला इतिहासाला विचारावासा वाटतो.

मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायाने वैद्याचे अन्न पुवासमान ठरवले. रक्त, पू, वार यांना हात लावणे म्हणजे विटाळ. हा विटाळ वर्णव्यवस्थेने खाली ढकलला आणि आमच्या भागात नाळ कापण्याचे काम मांगाच्या बाईकडे आले. आजी विळ्याने नाळ कापी, बारा दिवस बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घाली. सोयर असेपर्यंत तिला माजघरापर्यंत मुभा. सोयर फिटले की ती पुन्हा उंबऱ्याबाहेर! मोबदला काय, तर सुपभर जोंधळे आणि खण-नारळ. मध्यरात्री बोलावणे आले की स्वतःचे तान्हे शेजारणीच्या ओटीत टाकून ती निघे. "दोन्ही कसे सांभाळतेस?" असे तिला कुणी विचारले नाही. तिचे काम हे काम नव्हतेच, ते जातीचे कर्तव्य होते.

सावित्रीबाई-जोतीरावांच्या शाळेतली चौदा वर्षांची मांग मुलगी मुक्ता साळवे हिने १८५५ साली 'ज्ञानोदया'त लिहिलेल्या निबंधात हेच दुखणे मांडले. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसते, हे तिने जगाला सांगितले. दुसऱ्यांच्या माजघरात बाळंतपणे करणाऱ्या जातीच्या बायकांचे स्वतःचे बाळंतपण मात्र ऊनपावसात!

पुढे ह्याच कामाला पदवी आणि पगार आला. मग त्यातला विटाळ गेला, आणि काम हातातून हातात गेले. आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल, तेही दहा दिवसांत गेले. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळातली नेमणूक हाती असताना २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या वारल्या. बावीस वर्षेही पूर्ण नव्हती. सुतार समाजातल्या रखमाबाईंनी बालपणी लादलेला संसार नाकारला. १८८७ साली न्यायालयाने नवऱ्याकडे जा, नाहीतर तुरुंगात जा असे फर्मावले, तेव्हा त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. पुढे लंडनला शिकून त्यांनी सुरत आणि राजकोट येथे आयुष्यभर स्त्रियांवर उपचार केले. पुन्हा लग्न केले नाही. ह्या दोघींचे मोठेपण मला कमी करायचे नाही. पण पुरुषाच्या सोयीने घडलेल्या ह्या व्यवसायात शिरताना एकीने देह मोजला, दुसरीने संसार.

आजच्या सर्जनबाईंना ही किंमत मोजावी लागू नये. परंतु त्यांची सुटका कुणाच्या खांद्यावर उभी आहे? माझी आई ऑपरेशनच्या खोलीतली रक्ताची कापडे धूत असे. धाकट्या बहिणीच्या वेळी ती पंधराव्या दिवशी कामावर गेली, कारण खाडा म्हणजे रोज बुडणार. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने बारा आठवड्यांची पगारी रजा देऊन तीस वर्षे झाली होती. त्या कायद्याची वार्ता तिच्यापर्यंत कुणी आणली नाही.

ह्या कायद्याच्या मुळाशी बाबासाहेब आहेत. साताऱ्यात बालपणीच आई गमावलेल्या ह्या माणसाने २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात गिरणी-कारखान्यांतल्या बायकांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. मातेला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती देणे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने सोसावा. मालकालाही बाईच्या श्रमाचा लाभ मिळतो, तेव्हा त्यालाही हात झटकता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे. १९२९ साली मुंबई प्रांतात कायदा झाला. बाबासाहेबांनी बाईला 'तू कसे सांभाळतेस?' असे विचारले नाही. सांभाळण्याचा भार कुणाचा, हे त्यांनी सभागृहाला विचारले.

२०१७ च्या दुरुस्तीने रजा पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवडे केली आणि पन्नास वा अधिक कामगार असतील तेथे पाळणाघर सक्तीचे केले. सर्जनबाईंना हा हक्क मिळो, रात्रपाळीनंतर विश्रांतीही मिळो. पण त्याच खोलीत फरशी पुसणाऱ्या, कंत्राटदाराच्या वहीत नाव असलेल्या बाईलाही तो मिळाला पाहिजे. नाहीतर स्त्रीमुक्ती सोयर असेपर्यंतच आमची, आणि सोयर फिटले की आम्ही उंबऱ्याबाहेर.

पुढच्या आठ मार्चला व्यासपीठावर सर्जनबाईंच्या शेजारी एका मावशींना बसवावे, असे मी मुलींना सांगितले आहे. त्यांनी तोच प्रश्न दोघींना विचारावा.