जनगणना नेमकी कशी होते? लोणावळ्याच्या बंद बंगल्यावरून समजून घेऊया

शनिवारी लोणावळ्यात गाड्यांची रांग लागते, आणि मंगळवारी त्याच बंगल्यांना कुलूप असतं. मग लोकसंख्या कुठल्या दिवशीची धरायची? २०११ च्या जनगणनेत लोणावळा शहराची लोकसंख्या सुमारे ५७ हजार निघाली. हा आकडा कसा येतो, ते पाहूया.

टप्पा १: घरयादी

आधी माणसं नाही, घरं मोजतात. शहराचे छोटे गट पाडून प्रत्येक गट एका प्रगणकाला देतात. प्रगणक बहुतेकदा शाळेतले शिक्षक असतात. ते इमारतींना क्रमांक देतात आणि नकाशा काढतात. रिकामं घर वेगळं आणि राहणारे बाहेर गेलेत म्हणून कुलूप असलेलं घर वेगळं.

टप्पा २: माणसांची मोजणी

२०११ मध्ये हे काम ९ ते २८ फेब्रुवारी चाललं. माणूस नेहमी जिथे राहतो, तिथेच त्याची नोंद होते. म्हणजे बंगल्याचे मालक मुंबईत मोजले जातात, पण मागच्या खोलीत राहणारं माळ्याचं कुटुंब लोणावळ्यात. बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. पुढे १ ते ५ मार्च पुन्हा फेरी मारून मधले जन्म-मृत्यू दुरुस्त केले. थोडक्यात, आकडा म्हणजे १ मार्चच्या रात्री ०० वाजताचा स्नॅपशॉट.

मग सॅम्पल कुठे येतं?

जनगणना हे सॅम्पल नाही, तिच्यात सगळेच मोजायचे असतात. सॅम्पल येतं ते नंतरच्या तपासणीत. निवडक गटांत दुसरी टीम स्वतंत्रपणे पुन्हा मोजणी करते आणि दोन्ही याद्या जुळवून पाहते. २०११ च्या तपासणीत देशभरात दर हजारी सुमारे २३ माणसं सुटल्याचं दिसलं. हा दर थेट लोणावळ्याला लावता येत नाही, कारण एका शहराचं उत्तर देण्याइतकं ते सॅम्पल मोठं नसतं. शिवाय जाहीर झालेला आकडा त्यावरून बदलतही नाहीत.

कोण सुटतं?

गेटला कुलूप दिसलं आणि प्रगणक पुढे गेला, तर मागची खोली राहून जाते. नगरपरिषदेच्या जागा, त्यातलं आरक्षण, पाणीपुरवठ्याचं नियोजन हे सगळं याच आकड्यावर ठरतं. सुटलेलं कुटुंब पाणी वापरतं, पण हिशोबात नसतं.

२०२७ मध्ये काय बदलतंय?

नोंद मोबाइल ॲपवर होणार, स्वतः ऑनलाइन माहिती भरायची सोय असणार आणि जातही विचारली जाणार. संदर्भ तारीख १ मार्च २०२७. पण ॲपलाही मागची खोली आपोआप दिसत नाही, कुणीतरी सांगावं लागतं.

तुमच्या बंगल्यात किंवा सोसायटीत कुणी राहून काम करत असेल, तर प्रगणकाला त्यांची माहिती नक्की द्या. कागदपत्रं दाखवावी लागत नाहीत, आणि १९४८ च्या जनगणना कायद्याने वैयक्तिक माहिती गोपनीय राहते, हेही त्यांना सांगा.