सव्वादोन इंच

स्मरणिकेसाठी दोन पानं लिही, असा निरोप आला तेव्हा मी हसलोच. वर्गातले डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक सोडून दहावीनंतर आयटीआयला गेलेल्या फिटरनं काय लिहायचं? मग ठरवलं, आमच्या धंद्याच्याच इतिहासातलं एक पान लिहावं.

पूल असो की कारखान्याची शेड, फॅब्रिकेटर ड्रॉइंगप्रमाणे मार्किंग करतो, लोखंड कापतो, भोकं पाडतो. साइटवर फिटर ते तुकडे उचलून एकमेकांत बसवतात. आज वेल्डिंग आणि बोल्ट आहेत. पूर्वी सगळी भिस्त रिव्हेटवर. चौघांची टोळी असे. एक भट्टीत रिव्हेट लाल करून चिमट्यानं फेकी, दुसरा डब्यात झेली, तिसरा मागून टेकू देई, चौथा हातोडा चालवी. १९४३ साली खुला झालेला कलकत्त्याचा हावडा पूल असाच जोडलेला आहे.

कॅनडात सेंट लॉरेन्स नदीवर क्वेबेकचा पूलही असाच उभा राहत होता. त्याचा मधला गाळा १६०० वरून १८०० फुटांचा केला, पण वाढलेल्या वजनाचा हिशेब वेळेवर नव्यानं मांडला नाही. ऑगस्ट १९०७ मध्ये खालच्या, दाब घेणाऱ्या मेंबरांना बाक दिसू लागला. एका ठिकाणी तो पाऊण इंच होता. २७ ऑगस्टला सव्वादोन इंच भरला. तुकडे शॉपमधूनच तसे आले असतील, असंही साइटवरचे काही जण म्हणत राहिले. सल्लागार इंजिनिअर थिओडोर कूपर न्यूयॉर्कला बसून काम पाहत होते. साइटवरचा निरीक्षक त्यांना भेटायला गेला. २९ तारखेला त्यांनी तार केली की, पुलावर आणखी भार चढवू नका. पण ती तार साइटवर न जाता पेनसिल्व्हेनियात कंपनीच्या कचेरीत गेली. त्याच संध्याकाळी, काम सुटायच्या सुमारास पूल कोसळला. ७५ माणसं गेली. त्यातले ३३ कानावाके या एकाच वस्तीतले मोहॉक कामगार होते. १९१६ मध्ये नव्या पुलाचा मधला भाग चढवताना पडला, आणखी १३ जण गेले. पूल पुरा झाला १९१७ साली.

ही हकिकत मी मुलाच्या इंजिनिअरिंगच्या पुस्तकात वाचली आणि रात्रभर झोप आली नाही. कारण नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका शेडच्या ट्रसचा खालचा अँगल मला वाकडा दिसला होता. सुपरवायझर म्हणाले, "शॉपमधूनच तसा आलाय, उचला." मी गप्प बसलो. क्रेननं उचलताना ट्रस मुडपला आणि आमच्या हेल्परचा पाय मोडला. तो पुन्हा उंचीवर चढू शकला नाही.

आपले भूमितीचे सर आठवतात? फळ्यावर रेघ मारून विचारायचे, "सरळ आहे का?" आपण एका सुरात "हो सर!" म्हणायचो. मग ते पट्टी लावून दाखवायचे आणि रेघ वाकडी निघायची. त्या अपघातानंतर नोकरी संपेपर्यंत मी खिशात दोरी ठेवली. प्रत्येक मेंबरला ती ताणून बघायचो. बाक भरला की तुकडा खालीच ठेवायचो, मग साहेब कितीही ओरडोत. दोनदा मेमो मिळाला. दोन्ही मेमो जपून ठेवलेत. मेळाव्याला येताना सरांना दाखवायला आणणार आहे.