चार कोपऱ्यांची किंमत

कोणत्याही जुन्या वस्तूचे मोल ठरविताना दोन प्रश्न विचारावे लागतात. अशा वस्तू जगात किती उरल्या आहेत, हा पहिला. आणि समोर आहे ती कितपत धड उरली आहे, हा दुसरा. नाणी, टपालाची तिकिटे, चित्रे आणि हस्तलिखिते यांच्या व्यापारात हे दोन्ही प्रश्न पूर्वापार विचारले जात आले आहेत. परंतु अमेरिकेत बेसबॉलपटूंच्या चित्रांची जी कार्डे एके काळी सिगारेटच्या पाकिटातून फुकट मिळत असत, त्यांच्या इतिहासात या दोन प्रश्नांची ओढाताण जितकी स्पष्ट दिसते, तितकी अन्यत्र क्वचितच दिसेल. ज्या कागदाला जन्मतः काहीच किंमत नव्हती, त्याला ती कोणी दिली आणि कोणत्या मापाने दिली, याची ही कथा आहे.

या कार्डांचा जन्म व्यापारी सोयीतून झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिगारेटची पाकिटे मऊ कागदाची असत. आतल्या सिगारेटी मोडू नयेत म्हणून त्यांत एक लहानसा पुठ्ठा घालीत. त्या कोऱ्या पुठ्ठ्यावर चित्र छापले तर गिऱ्हाईक पुन्हा त्याच दुकानी येते, हे कारखानदारांच्या लवकरच ध्यानात आले. चित्र एकच असते तर ती युक्ती फार दिवस टिकली नसती. म्हणून चित्रांची मालिका निघाली. आणि मालिका निघाली की ती पुरी करण्याची ओढ आपोआप निर्माण झाली. संग्राहकाची सारी व्यथा आणि सारा आनंद या एका योजनेतून उगम पावला आहे.

अशा मालिकांत सर्वांत प्रसिद्ध आहे ती अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात काढलेली. अमेरिकेतील तंबाखूचा बहुतेक व्यापार त्या वेळी या एका कंपनीच्या मुठीत होता. पुढे १९११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही मक्तेदारी मोडून काढण्याचा हुकूम दिला. या मालिकेतील कार्ड सुमारे अडीच इंच लांब आणि दीड इंच रुंद. पुढे खेळाडूचे रंगीत चित्र, मागे सिगारेटची जाहिरात. जाहिराती सोळा निरनिराळ्या छापांच्या आणि चित्रे ५२४, अशी रूढ मोजणी आहे. पीडमाँट आणि स्वीट कॅपोरल या छापांची कार्डे विपुल सापडतात; ड्रम आणि उझिट या छापांची फार थोडी. त्यामुळे एकाच खेळाडूचे एकच चित्र, पण पाठ कोणती आहे यावरून किंमत कित्येक पटींनी बदलते. पारखी मनुष्य म्हणूनच कार्ड हाती येताच प्रथम ते उलटून पाहतो.

या संचात चार कार्डे अशी आहेत की ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या संग्राहकांची झोप उडविली. पहिले पिट्सबर्गच्या होनस वॅग्नर या थोर खेळाडूचे. आपले चित्र सिगारेटबरोबर विकले जाऊ नये, असा आग्रह धरून त्याने छपाई थांबवायला लावली. लहान मुलांना तंबाखूची चटक लागू नये ही त्यामागची भावना, असे काही सांगतात; मोबदला मिळाला नाही म्हणून तो रुष्ट झाला, असे दुसरे सांगतात. कारण काहीही असो, आज या कार्डाच्या साठाच्या आसपास प्रतीच ज्ञात आहेत. दुसरे एडी प्लँकचे, तेही असेच विरळ. उरलेली दोन निव्वळ छापखान्याच्या चुका होत. शेरी मगी याच्या नावातील एक अक्षर चुकले. आणि न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन लीगच्या संघातून खेळणाऱ्या जो डॉइलला त्याच शहरातील नॅशनल लीगच्या संघात घातले गेले. चुका ध्यानात येताच सुधारल्या गेल्या, पण तोवर काही प्रती बाहेर पडल्या होत्या. चुकीला शुद्ध प्रतीपेक्षा अनेक पटींनी अधिक किंमत यावी, हा या जगाचा पहिला चमत्कार. सामान्य संग्राहकाने मात्र या चौघांशी समजुतीचा तह केला आहे. ती वगळून ५२० कार्डे जमली की संच पुरा झाला, असे तो मानतो.

परंतु संच पुरा झाला हे ठरविण्यासाठी आधी संचात काय काय आहे, हे ठाऊक असावे लागते. कंपनीने कोणतीही यादी प्रसिद्ध केली नव्हती. कार्डांवर क्रमांकही नव्हते. हे काम केले न्यूयॉर्क राज्यातील सिराक्यूज येथील जेफरसन बर्डिक या गृहस्थांनी. ते विजेच्या उपकरणांच्या कारखान्यात सुटे भाग जुळविण्याचे काम करीत. संधिवाताने त्यांचे हात आखडत चालले होते. त्याच हातांनी त्यांनी देशभरच्या छापील कार्डांचे वर्गीकरण केले आणि १९३९ मध्ये त्यांची पहिली सूची प्रसिद्ध झाली. विसाव्या शतकातील तंबाखूच्या कार्डांना त्यांनी ‘टी’ हे अक्षर दिले. वर वर्णिलेली मालिका तेव्हापासून ‘टी-२०६’ या नावाने ओळखली जाते. ज्या नावावर आज लाखोंचे व्यवहार होतात, ते नाव एका अल्पवेतन कामगाराने संध्याकाळी फावल्या वेळात दिलेले आहे. त्यांच्या सूचीत साध्या कार्डांच्या किमती सेंटांत होत्या आणि वॅग्नरच्या कार्डाची ५० डॉलर. तेवढीही रक्कम त्या काळी अतिशयोक्त वाटावी अशी होती.

तंबाखूमागून च्युइंग गमचे युग आले आणि संच पुरा करणारा मनुष्य आता शाळकरी मुलगा झाला. १९३३ मध्ये, आर्थिक मंदीच्या ऐन कडाक्यात, बॉस्टनच्या गाउडी कंपनीने २४० क्रमांकांचा संच काढला. मुले एकेक सेंट जमवून पाकिटे घेत होती; पण १०६ क्रमांकाचे कार्ड कोणालाच मिळेना. ते छापलेच गेले नव्हते. खप चालू राहावा म्हणून ही जागा मुद्दाम रिकामी ठेवली होती, असा सार्वत्रिक समज आहे. ज्यांनी पत्रे लिहून तक्रार केली, त्यांना १९३४ मध्ये नॅप लाजोई या निवृत्त खेळाडूचे १०६ क्रमांकाचे कार्ड टपालाने पाठविण्यात आले. त्या संचात बेब रूथसारख्या सर्वश्रेष्ठ खेळाडूची चार कार्डे आहेत. पण सर्वांत दुर्मीळ कार्ड आहे ते या लाजोईचे. गुणवत्तेपेक्षा उणीव अधिक महाग पडते, हा धडा त्या पोरांनी कोवळ्या वयातच घेतला.

येथवर झाला तो पहिल्या प्रश्नाचा, म्हणजे संख्येचा विचार. अवस्थेचा प्रश्न याहून नाजूक आहे. मुलांनी ही कार्डे खिशात कोंबली, भिंतीवर आपटून त्यांचे खेळ मांडले, रबरी पट्ट्याने त्यांचे गठ्ठे बांधले. म्हणून पारखी प्रथम चार कोपरे पाहतो. ते टोकदार आहेत की बोथट, पुठ्ठ्याचे पदर सुटले आहेत की काय, हे भिंगाखाली तपासतो. मग कडा, मग पृष्ठभागावरील घडी, ओरखडा, डाग किंवा शाईची खूण, आणि शेवटी चित्राभोवतीचे समास. डावा समास उजव्याशी आणि वरचा खालच्याशी जितका समतोल, तितकी प्रत वरची. एक बारीकशी घडी, जी उजेडात तिरपी धरल्यावाचून दिसतही नाही, ती सुंदर कार्डाला कित्येक पायऱ्या खाली आणते.

अवस्था किंमत कशी घडविते, याचे मासलेवाईक उदाहरण म्हणजे टॉप्स कंपनीचा १९५२ चा ४०७ कार्डांचा संच. त्यातील पहिला क्रमांक अँडी पॅफ्को या खेळाडूचा. खेळाडू चांगला, पण अलौकिक नव्हे. तरीही मुले कार्डे क्रमाने लावीत आणि गठ्ठ्याच्या माथ्यावर पॅफ्को येई. रबरी पट्ट्याचा काच त्यालाच सोसावा लागे. परिणामी त्याचे फाटके कार्ड सहज मिळते आणि निर्दोष कार्डाला हजारो डॉलर पडतात. याच संचात ३११ पासून पुढचे क्रमांक दुर्मीळ आहेत, पण त्याचे कारण निराळे. ती कार्डे हंगामाच्या शेवटी आली आणि विकली गेली नाहीत. गोदामात पडून राहिलेला तो माल कंपनीने १९६० मध्ये पडावात भरून न्यूयॉर्कजवळच्या समुद्रात बुडविला.

संच जमविणाऱ्याची खरी परीक्षा येथे लागते. एकच उत्तम कार्ड घेणाऱ्याला फक्त पैसा लागतो. संच जमविणाऱ्याला संयम लागतो. सगळी कार्डे सारख्या प्रतीची असावीत, हा त्याचा पहिला नियम. कारण चारशे मळक्या कार्डांत सात झगमगीत कार्डे विजोड दिसतात. मधली प्रत धरली तर पैसा बेताने लागतो आणि संच पुरा होण्याची आशा राहते. अत्युच्च प्रतीचा हट्ट धरला तर अगदी सामान्य खेळाडूचे कार्डही अडून बसते. म्हणून जाणता संग्राहक दुर्मीळ क्रमांक आधी मिळवितो आणि विपुल असलेले मागून. शेवटच्या दोन जागा उरल्या आहेत, हे विक्रेत्याला कळू न देणे, हाही त्या शास्त्राचाच भाग आहे.

बराच काळ प्रत ठरवीत असे तो विकणारा. त्याच्या लेखी जे ‘उत्तम’, ते घेणाऱ्याच्या लेखी ‘बरे’ असे. संख्याशास्त्राचे प्राध्यापक जेम्स बेकेट यांनी १९७९ मध्ये किंमतींचे पुस्तक सहकाऱ्याच्या साहाय्याने प्रसिद्ध केले आणि भावांना काही शिस्त लागली; पण प्रतीचा वाद मिटला नाही. तो मिटविण्यासाठी १९९१ मध्ये पीएसए ही त्रयस्थ संस्था पुढे आली. कार्ड तपासावे, एक ते दहा असा अंक द्यावा आणि ते पारदर्शक पेटीत कायमचे बंद करावे, अशी तिची रीत. तिने क्रमांक एक म्हणून प्रमाणित केलेले कार्ड वॅग्नरचे होते आणि त्याला तिने आठचा अंक दिला. त्याच वर्षी ते लिलावात ४ लाख ५१ हजार डॉलरला गेले होते आणि घेणाऱ्यांत प्रख्यात हॉकीपटू वेन ग्रेट्‌झ्की होता. हात बदलत बदलत २००७ मध्ये त्याची किंमत २८ लाख डॉलरवर पोहोचली.

इतके जुने कार्ड इतके रेखीव कसे राहिले, अशी कुजबूज मात्र थांबली नाही. झिजलेल्या कडा बारीक कातरल्या की कोपरे पुन्हा धारदार होतात; आणि टी-२०६ ची कार्डे कारखान्यातच किंचित कमीअधिक कापली गेली असल्याने केवळ मोजमापाने ही लबाडी पकडता येत नाही. या व्यवसायात तिला मोठा अपराध मानतात. वहीत डकवलेले कार्ड साध्या पाण्यात भिजवून सोडविणे बहुतेकांना चालते. पण कातरणे, रंग भरणे चालत नाही. काळाने लावलेला डाग क्षम्य, माणसाने लपविलेला अक्षम्य, असा हा दंडक आहे. अखेर २०१३ मध्ये लिलावांतील फसवणुकीबद्दल शिकागोच्या न्यायालयात गुन्हा कबूल करताना लिलावदार बिल मास्ट्रो यांनी हेही मान्य केले की, १९८५ मध्ये २५ हजार डॉलरला घेतलेल्या त्या वॅग्नरच्या कडा त्यांनी स्वतः कातरल्या होत्या. ज्या अंकावर सर्वांनी भरवसा ठेवायचा, त्या अंकाच्या पहिल्याच पानावर असा डाग निघाला.

म्हणून प्रतवारी व्यर्थ ठरते असे नव्हे. अंक हे कागदाच्या अवस्थेबद्दलचे एक मत आहे, एवढे ओळखले म्हणजे तो उपयोगी पडतो. ऑगस्ट २०२२ मध्ये १९५२ च्या टॉप्स संचातील मिकी मँटलचे साडेनऊ अंकांचे कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला विकले गेले. त्याच महिन्यात दोनच अंकांच्या मळकट वॅग्नरला ७२ लाख ५० हजार डॉलर मिळाले. मँटलच्या प्रती शेकड्यांनी आहेत, म्हणून तेथे अवस्थेची किंमत झाली. वॅग्नर मोजकेच आहेत, म्हणून तेथे अस्तित्वाची झाली. प्रारंभीचे दोन प्रश्न शेवटपर्यंत वेगळेच राहतात. एकाचे उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही.

बर्डिक यांच्या संग्रहाची कथा याहून बोलकी आहे. १९४७ पासून त्यांनी तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयाला अर्पण केला. तीन लाखांहून अधिक छापील वस्तू त्यात होत्या आणि तीस हजारांहून अधिक बेसबॉल कार्डे. वॅग्नरचेही त्यांत आहे. वाकलेल्या बोटांनी वर्षानुवर्षे ते स्वतः ही कार्डे वह्यांत चिकटवीत बसत. जानेवारी १९६३ मध्ये काम पुरे झाले आणि दोनच महिन्यांनी त्यांचे निधन झाले. पाठीला डिंक लागलेल्या कार्डाला आजच्या बाजारात अगदी खालचा अंक मिळतो. ज्यांनी या कार्डांना नाव दिले आणि पहिली किंमत लावली, त्यांनीच हाती आलेली हजारो कार्डे बाजाराच्या दृष्टीने निकामी केली. परंतु ती विकली जाणार नाहीत, कातरली जाणार नाहीत आणि त्यांचा क्रमही मोडणार नाही. संच पुरा करणे याचा बर्डिक यांनी जाणलेला अर्थ हा होता. आणि दहा अंकांच्या मोजपट्टीवर त्याला जागा नाही.