दहा सेंटची वही

1930 च्या सुमारास अमेरिकेत टपाल नेणारे पायलट खालचे रेल्वे रूळ बघत उडायचे. ढग उतरले की जिवाशी गाठ. एलरे जेपेसन या पायलटने दहा सेंटची वही घेतली, त्यात धावपट्ट्या, डोंगरांच्या उंच्या टिपल्या. 1934 पासून तो प्रती विकू लागला.

आज त्याच्या नावाचे चार्ट आणि अमेरिकी सरकारचे चार्ट वेगळे दिसतात. सरकारी अ‍ॅप्रोच चार्टवर सहसा ए ते डी सगळ्या गटांचे आकडे असतात. एअरलाइन मात्र फक्त सी-डीचे बनवून घेऊ शकते. ए म्हणजे उतरताना 91 नॉटपेक्षा हळू, डी म्हणजे 141 ते 165. वेग जास्त, तर वळण मोठं. म्हणून घिरटी घेऊन उतरताना उंचीही बहुधा जास्त लागते. रकाना चुकला, तर समोर डोंगर! वहीचं काम आजही तेच: आपला आकडा झटकन सापडला पाहिजे.